थोपवलेला बहार

१

झाडाला झोपवायचं आणि ठरल्या दिवशी उठवायचं, हा तारीखवाल्यांचा धंदा. त्यांचं खरं नाव फाटकावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी वेलीने केव्हाच गिळली होती. लोकांची झाडं वेळेवर फुलवणाऱ्या या माणसाला स्वतःची वेल छाटायला तीस वर्षांत सवड मिळाली नव्हती. लोक त्यांना तारीखवाले म्हणत. त्यांना ते आवडे, फक्त तसं दाखवत नसत.

झाडं म्हणजे कुंडीतली शोभेची चेरी, माणसाच्या उंचीची. आधी पाणी तोडून ताण द्यायचा, मग एकेक पान हाताने खुडायचं. उघड्यावाघड्या फांद्यांची ती झाडं दीड महिना चार डिग्रीच्या थंड खोलीत अंधारात ठेवायची. झाडाला वाटतं हिवाळा आला. मग काचघरात आणून ऊब दाखवायची. झाडाला वाटतं हिवाळा संपला. फांदीवरचे डोळे, म्हणजे मिटलेल्या कळ्या, फुगू लागतात आणि तीन आठवड्यांत झाड फुलांनी भरतं. एका दिवसाची चूक झाली तरी तारीखवाले दोन दिवस जेवत नसत. अशी चूक त्यांच्या हातून दोनदा झाली होती आणि दोन्ही वेळा दोष विजेचा होता, असं ते आजही सांगत.

या खेपेला चोवीस झाडं होती. एका नव्या सभागृहाचं उद्घाटन चार तारखेला होतं आणि त्या दिवशी झाडं फुललेली हवी होती. नेमकी तीच तारीख डॉक्टरबाईंनी त्यांच्या लेकीला दिली होती. जावई मालवाहू बोटीवर, त्याच्याही पुढच्या महिन्याच्या दहा तारखेशिवाय परतायचा नव्हता. म्हणून लेक पोट सांभाळत बापाकडे येऊन राहिली होती. तिची खोली थंड खोलीला लागून होती. मधे भिंत एकच. कॉम्प्रेसरची घरघर ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती, तिला त्याशिवाय झोप येत नसे.

२

अठ्ठावीस तारखेला सकाळी सभागृहाच्या व्यवस्थापकाचा फोन आला.

"उद्घाटन बारा दिवस पुढे गेलंय," तो म्हणाला. चहाला पाच मिनिटं उशीर होईल म्हणून सांगावं, तसा आवाज.

"हे झाडांना कोण सांगणार? तुम्ही सांगता का येऊन?"

"अहो, झाडंच आहेत ना ती. थोडी थांबवा की."

तारीखवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचघरात चोवीसच्या चोवीस झाडांचे डोळे फुगले होते, टोकाला गुलाबी दिसू लागलं होतं. आता आठवडाभरात फुलं येणार म्हणजे येणार. जागं झालेलं झाड परत झोपवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. थोपवून धरलेली कळी पुढे उघडते तेव्हा आधाशासारखी उघडते. दहा दिवसांचं फुलणं ती दोन दिवसांत उरकते. हे त्यांनी कामाला येणाऱ्या प्रत्येकाला दटावून शिकवलं होतं.

"झाडं आत घ्या," ते मावशींना म्हणाले. मावशी त्यांच्याकडे पंचवीस वर्षं पानं खुडत होत्या.

"दादा, डोळे फुगल्यावर आत? तुम्हीच तर नको म्हणता."

"मग काय करू? तुम्हीच सांगा. सभागृहात काटक्या मांडून ठेवू?"

कुंड्या हातगाडीवरून आत गेल्या. जाड दार बंद झालं. तारीखवाले हात झटकत, दिसेल त्याच्यावर चिडत स्वयंपाकघराकडे आले. लेक दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा, किती ओरडता. पोटातल्या बाळाला ऐकू येतं म्हणतात."

"ऐकू येतं ना? मग ऐकू दे." मातीने भरलेलं बोट पोटासमोर नाचवत ते म्हणाले, "काय गं बाई? तूही थांब. मी सांगेपर्यंत यायचं नाही. दोन्हीकडे धावायला मला काही चार पाय नाहीत!"

लेक इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"असं बोलू नये, दादा," त्या म्हणाल्या आणि हातगाडी धुवायला गेल्या.

३

चार तारीख आली आणि गेली. पहिलटकरणीला उशीर होतोच, असं सगळेच म्हणाले. तारीखवालेही म्हणाले.

सहा तारखेला ते नेहमीसारखे थंड खोलीत गेले. दिवसातून दोनदा जायचं, टॉर्चच्या उजेडात फांद्या बघायच्या, बुरशी आहे का पाहायचं, दाराशी टांगलेल्या पाटीवर तापमान लिहायचं. पाटीवर चार. थर्मामीटरवर चार. श्वासाची वाफ दिसत होती. त्यांनी हातमोजा काढून एक डोळा चिमटीत धरला. मऊ पडला असेल तर झाड वाया गेलं, हे बोटांनाच कळतं.

डोळा घट्ट होता. आणि कोमट होता.

त्यांनी बोटं सोडली. आपली बोटं गार पडली असणार, म्हणून तसं वाटलं. त्यांनी लोखंडी मांडणीला हात लावला. ती बर्फासारखी लागली. कुंडीची कड गार, खोड गार. पुन्हा डोळ्याला हात लावला. आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा, बोटांच्या मागच्या बाजूने. कोमट. शेजारच्या झाडाचाही कोमट. मागच्या रांगेतल्याचाही.

"कळीही श्वास घेते," ते स्वतःशीच मोठ्याने म्हणाले. "श्वास म्हटला की ऊब आली." पुस्तकात असं काहीतरी होतंही. पण ती ऊब मोजायला यंत्र लागतं, बोटांना ती कळत नाही, हेही त्याच पुस्तकात होतं. तेवढं आठवायचं त्यांनी टाळलं.

कॉम्प्रेसर मधेच थांबला. तो दर वीस मिनिटांनी थांबतोच. त्या शांततेत त्यांना बारीक टकटक ऐकू आली. संथ, सारख्या अंतराने. पंख्यावरून थेंब पडत असतील म्हणून त्यांनी टॉर्च वर केला. पंखा कोरडा होता. मनगटावर घड्याळ नव्हतं. मग कॉम्प्रेसर सुरू झाला आणि टकटक त्यात बुडाली. बाहेर येताना त्यांनी दार जरा जोरातच लावलं. मग दारावर चिडले, की बिजागरी तेल मागतेय आणि कुणी लक्ष देत नाही.

४

"बाळ गाढ झोपलंय," अकरा तारखेला डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पोटावर यंत्र लावलं, ठोके ऐकले, जागा बदलून पुन्हा ऐकले. "ठोके जरा सावकाश आहेत. चालतील असे, पण सावकाश."

"जरा म्हणजे किती?"

"अहो, मी सांगतेय ना, चालतील असे."

तारीखवाल्यांना अशी उत्तरं अजिबात खपत नसत. कळी किती फुगली असं विचारल्यावर मावशींनी कधी 'जरा' म्हटलं असतं, तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं. पण यंत्रातून येणारा तो ठोका ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बारीक, संथ, सारख्या अंतराचा. सगळे ठोके सारखेच असतात, त्यांनी स्वतःला बजावलं. घड्याळाचा घ्या, नळाचा घ्या.

लेकीला थंडी वाजत होती. दोन पांघरुणं, पायात मोजे, वर शाल, तरी हात गार. ती दिवसभर काचघरातल्या उन्हात खुर्ची टाकून बसे. तिथेही झोपून जाई.

"हलत नाही हो हे," ती एकदा मावशींना म्हणाली. "आहे, कळतं मला. पण आतून दार लावून बसल्यासारखं."

अकरा तारखेच्याच दुपारी व्यवस्थापकाचा पुन्हा फोन आला. छताचं काम अडलं होतं.

"मग आता कधी?" तारीखवाल्यांनी विचारलं.

"तारीख नंतर कळवू."

"नंतर म्हणजे?"

"नंतर म्हणजे नंतर. तुम्ही झाडं धरून ठेवा."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ ओरडले नाहीत. मावशी मुद्दाम दाराशी येऊन उभ्या राहिल्या, काही बोलतील म्हणून. ते एवढंच म्हणाले, "तारीखच नाही म्हणतात."

५

चौदा तारखेला डॉक्टरबाईंनी कळा येण्याचं औषध दिलं. सकाळपासून दुपारपर्यंत लेक दवाखान्यात पडून राहिली. काही झालं नाही. उद्या सकाळी पुन्हा या, जमलं नाही तर ऑपरेशन करू, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. औषधाला दाद न देणारं बाळ मी प्रथमच बघतेय, असंही म्हणाल्या. तारीखवाले त्यांच्याशी भांडले, गाडीतल्या आरशाशी भांडले, घरी येऊन रिकाम्या बादलीला लाथ मारली. मग लेक झोपलीय असं पाहून थंड खोलीत गेले.

झाड जिवंत आहे की आतून मेलंय हे ओळखायची एकच रीत आहे. पात्याने एक डोळा उभा चिरायचा. आत तपकिरी दिसलं तर मेला, हिरवं-गुलाबी दिसलं तर जिवंत. वर्षानुवर्षं त्यांनी असे हजारो डोळे चिरले होते. मनात एकच होतं: झाडं मेली असतील तर बरं होईल. उचलून फेकून देता येतील आणि हे डोक्यातलं खूळही जाईल.

भिंतीलगतच्या झाडाचा एक डोळा त्यांनी चिमटीत धरला. कोमट होताच. टॉर्च दातांत धरला आणि पातं टेकवून हलकेच खाली ओढलं.

आत ओलसर गुलाबी पाकळ्यांची घडी होती, नखाएवढी. उजेड पडताच ती घडी आवळली गेली. झोपेत कुणी दिवा लावला की माणूस पापण्या घट्ट करतो, तशी.

आणि भिंतीपलीकडून लेक किंचाळली.

टॉर्च खाली पडला. तारीखवाले धावत तिच्या खोलीत गेले. ती पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हातांनी पोट धरून, रडत आणि हसत.

"बाबा, हललं! कुणी टोचावं तसं एकदम दचकलं. आठ दिवसांनी हललं!"

तारीखवाल्यांच्या हातात पातं तसंच होतं. त्यांनी ते पाठीमागे लपवलं. "चांगलं झालं," ते म्हणाले आणि पाठ न वळवता मागे सरकत दाराबाहेर गेले.

६

पंधरा तारखेला उजाडताच त्यांनी थंड खोलीचं दार सताड उघडलं. मावशी आल्या तेव्हा अर्ध्या कुंड्या काचघरात पोचल्या होत्या.

"दादा, सभागृहाची तारीख आली?"

"खड्ड्यात गेलं सभागृह."

मावशींनी पदर खोचला आणि दुसरी हातगाडी घेतली. चोविसावं झाड बाहेर आल्यावर तारीखवाले लेकीच्या खोलीत गेले आणि पलंगाशी गुडघ्यांवर बसले. मनातून स्वतःची फार लाज वाटत होती. शिकलासवरला माणूस, तासांचा हिशेब ठेवणारा. पण त्यांनी पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "ये गं बाई आता. चुकलं माझं. मी सांगतोय, ये."

"बाबा, काय हे," लेक म्हणाली, आणि पुढचा शब्द तिच्या तोंडातच राहिला. कळ आली होती.

दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात सगळं आटोपलं. पहिलटकरीण एवढ्या झटपट मोकळी होत नाही, नर्सबाई सारख्या म्हणत होत्या. मुलगी झाली. डोक्यावर दाट काळे केस. रडली नाही, टक लावून बघत राहिली. एकामागून एक सगळ्यांकडे.

तारीखवाले दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

७

"झाडं फुलली," त्याच संध्याकाळी मावशींचा फोन आला. "सगळी. मी जेवायला गेले, येऊन बघते तर काचघर गुलाबी."

एका दिवसात शक्य नव्हतं ते. पण नातीच्या आनंदात तारीखवाल्यांनी काही विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा काचघराच्या फरशीवर पाकळ्यांचा घोटाभर थर होता. फांद्यांवर हिरवी पानं आली होती, चांगली तळहाताएवढी. थोपवलेल्या झाडाचं असं होतं, त्यांनी स्वतःला सांगितलं. आधाशासारखं उघडतं, लवकर उरकतं. नियमच आहे तो. तिसऱ्या दिवशी पानं लाल झाली आणि गळू लागली. कुणी खुडली नव्हती, कुणी ताण दिला नव्हता. चौथ्या दिवशी त्यांनी खोडावर नखाने ओरखडा काढला. आत हिरवं हवं होतं. लाकूड तपकिरी, कोरडं निघालं. दुसरं झाड, तिसरं झाड. फांदी वाकवली तर कडकन मोडली.

"आयुष्य उरकलं यांनी," मावशी म्हणाल्या.

"मुळं कुजली असतील. एवढे दिवस थंडीत ठेवलं तर दुसरं काय होणार?" ते खेकसले. चोवीस कुंड्यांतून त्यांनी चोवीस झाडं उपसून काढली. मुळं धडधाकट होती. एकही कुजलेलं नव्हतं. म्हाताऱ्या झाडाची असतात तशी जाड, गाठीगाठींची, कुंडीभर गुंडाळलेली. त्यांनी ती मावशींना दाखवली नाहीत.

त्याच दिवशी लेक बाळाला घेऊन घरी आली.

८

नर्सबाईंनी मापाची म्हणून दिलेली झबली पहिल्याच दिवशी दाटली. बाळ उशिरा झालं की अंगाने भरलेलं असतं, तारीखवाले म्हणाले. दुसऱ्या दिवशी दूध पाजताना लेक दचकली. एखाद्याला जन्मतःच दात असतो, ते म्हणाले. लेकीने खोलीचा पडदा ओढून घेतला आणि मावशींनाही आत येऊ देईना. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला की ती कॅमेरा वळवून बाळाची फक्त बोटं दाखवी. तीही पांघरुणातून बाहेर आलेली दोन किंवा तीन.

तारीखवाले दाराशी येत, हात वर नेत आणि परत जात. तीन दिवस ते कुणावरही ओरडले नव्हते. मावशींनाच ते सहन होईना. त्यांनी मुद्दाम एक कुंडी फोडून पाहिली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते रिकाम्या काचघरात बसले होते. मागे पावलं वाजली. लेक आली होती. शालीत गुंडाळून तिने बाळ कडेवर घेतलं होतं. कडेवर, मान ताठ धरून, पाय दोन्ही बाजूंना सोडून. सात दिवसांचं बाळ असं कुणी धरत नाही. शालीतून खांद्यापर्यंतचे केस बाहेर आले होते.

"डॉक्टरबाईंकडे नेऊ," तारीखवाले उठत म्हणाले.

"नेलं होतं सकाळी. त्यांनी फाइलवरची तारीख तीनदा वाचली. मग मला विचारलं, ही मोठी कोण? नवं बाळ कुठे ठेवून आलात?"

बाहेर ऊन होतं. काचघर चांगलंच तापलं होतं.

"बाबा, दहा तारखेला बोट लागते," लेक म्हणाली. तिचा आवाज शांत होता, रडून झालेला. "अजून एकोणीस दिवस. त्याला एकदा तिला मांडीवर घेऊ दे. मांडीत मावेल एवढी असताना. फुललेलं टिकवायचं तर गारव्यात ठेवा, असं तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगता ना? सांगता ना, बाबा?"

"अगं, ती झाडं होती."

"मला माहीत आहे ती काय होती. भिंतीपलीकडे मीच होते."

तारीखवाल्यांना ओरडायचं होतं. व्यवस्थापकावर, छतावर, बोटीवर, स्वतःच्या जिभेवर. ते पुढे झाले, लेक मागे. थंड खोलीच्या दाराशी त्यांनी डायल पाहिला. चार. झाडाला चार पुरे होते. माणसाला किती लागतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यांनी चाराचे आठ केले, मग पुन्हा सहा केले. आत जाऊन त्यांनी मांडणीवर दोन रजया पसरल्या, त्यावर लेकीची जुनी उशी ठेवली आणि बाहेर आले.

"आपण दर तासाला बघू," ते म्हणाले. "मी इथेच बसतो. उठणारच नाही."

"घ्या," लेक म्हणाली.

त्यांनी हात पुढे केले. उघड्या दारातून गार झोत आला तशी नात शहारली. तिने आत अंधारात पाहिलं, मग आजोबांकडे. मग आईच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि स्पष्ट म्हणाली, "नको."

लेकीने डोळे मिटून घेतले आणि गळ्यातली ती बोटं एकेक करून सोडवायला लागली.

"घ्या ना बाबा," ती म्हणाली. "लवकर घ्या."